दहा मिनिटांचा थरार आणि ‘पहिला’ या शब्दाचा मोह

माझ्या पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: ‘लोइस वेबर यांनी १९१३ मध्ये स्प्लिट स्क्रीनचा शोध लावला.’ गाईडनी त्यापुढे समासात एवढंच लिहिलं, ‘आधीचं काय पाहिलंस?’ उत्तर होतं, काहीच नाही. त्या एका प्रश्नाने माझं प्रकरण बदललं, म्हणून आज त्याबद्दल.

चित्रपट आहे ‘सस्पेन्स’. अमेरिकेतल्या रेक्स कंपनीचा, जुलै १९१३ मधला, जेमतेम दहा मिनिटांचा मूकपट. (मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागून तेव्हा दोनच महिने झाले होते.) दिग्दर्शन वेबर आणि त्यांचे पती फिलिप्स स्मॉली यांचं, नायिकाही वेबरच. गोष्ट साधी: एकाकी घर, आई आणि तान्हं बाळ. मोलकरीण चिठ्ठी ठेवून, किल्ली पायपुसण्याखाली सरकवून निघून जाते. एक भटक्या घरात शिरतो. बाई नवऱ्याला फोन करते, भटक्या तार कापतो. नवरा समोर दिसेल ती गाडी पळवतो आणि गाडीचा मालक पोलिसांना घेऊन त्याच्या मागे लागतो.

आता आधीचं बघा. १९०८ मध्ये फ्रान्सच्या पाथे कंपनीने, १९०९ मध्ये ग्रिफिथने ‘द लोनली व्हिला’त जवळपास हीच गोष्ट सांगितली होती. त्याहीआधी आंद्रे द लोर्दचं फ्रेंच नाटक होतं. त्यात नवरा फोनवर कुटुंबाचा खून नुसता ऐकतो, वाचवू शकत नाही. आणि स्प्लिट स्क्रीन? १९१० च्या एका डॅनिश चित्रपटात फोनवरचं संभाषण पडद्याचे तीन भाग करून दाखवलंय. म्हणजे माझं वाक्य सरळ चुकीचं होतं.

मग ‘सस्पेन्स’चं महत्त्व संपलं का? उलट इथेच खरं काम सुरू झालं. संकेत म्हणजे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेला करार: बाई एकटी, फोन तुटणार, मदत शेवटच्या क्षणी येणार. तो माहीत असला की दिग्दर्शकाने त्यात काय बदललं ते दिसायला लागतं.

ग्रिफिथच्या चित्रपटात नवऱ्याची गाडी बंद पडते. ताण येतो तो अडथळ्यामुळे. इथे नवरा स्वतःच चोर ठरलाय, त्यामुळे एका पाठलागात दुसरा पाठलाग आहे. मागून येणारे पोलीस गाडीच्या आरशात दिसतात. ग्रिफिथ आलटूनपालटून दृश्यं दाखवतो. वेबर पडदा त्रिकोणांत कापून बाई, नवरा आणि भटक्या एकाच क्षणी समोर ठेवतात. त्या दोघांना एकमेकांचा फक्त आवाज, आपल्याला मात्र सगळं दिसतं. आणि एक शॉट तर वरच्या खिडकीतून घेतलाय: बाई खाली बघते, भटक्या मान वर करून थेट आपल्याकडे बघतो. त्या क्षणी आपण तिच्या जागी उभे असतो.

‘स्त्री दिग्दर्शक म्हणून असं झालं’ असं मात्र मी लिहिलेलं नाही. एका शॉटवरून तेवढा निष्कर्ष निघत नाही. शिवाय दिग्दर्शक दोघं होते.

तुम्ही एखादा लघुपट अभ्यासायला घेतलात, तर आधी तीन रकाने आखा: त्या प्रकारात नेहमी काय घडतं, या चित्रपटात काय घडतं, आणि फरकामुळे प्रेक्षकाला काय जास्त कळतं. पहिला रकाना भरायला किमान तीन-चार जुने चित्रपट बघावेच लागतात. कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

माझं सुधारलेलं वाक्य असं आहे: ‘परिचित कथेतला धोका वेबर आणि स्मॉली यांनी प्रेक्षकाच्या नजरेला जोडला.’ ‘पहिला’ गेला. पण हे वाक्य व्हायवात कुणीही विचारलं तरी मी शॉट दाखवून सिद्ध करू शकते.