चाळीतला किल्ला, पडद्यावरचा किल्ला

दिवाळीतला मातीचा किल्ला हा गिरगाव, दादर, परळ आणि लालबागच्या मुलांचा इतिहासाचा खेळ आहे. त्यात युद्धाची सगळी तयारी असते, युद्ध मात्र नसते. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच भागात संगणकावरचे ऐतिहासिक युद्धखेळ येऊन पोचले. ते खेळणारी मुले बहुतेक किल्ला करूनच मोठी झालेली होती. या खेळांची ओढ कशात आहे, याचा अर्धा उलगडा चाळीच्या अंगणातच होतो.

सहामाही परीक्षा संपली की जागा धरली जाई: जिन्याखाली, नळाच्या कडेला, दोन चाळींमधल्या बोळात. विटा, दगड आणि फुटक्या फरश्या रचायच्या, त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट टाकायचे, की डोंगराला सुरकुत्या पडतात. वर माती लिंपून अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मग गेरूने रंगवलेली तटबंदी, पुठ्ठ्याचा महादरवाजा, ताटलीतले तळे. बालेकिल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज आणि खाली बाजारातून आणलेले मावळे, तोफा, गवळणी, एखादा वाघ. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि घाटरस्त्यावर प्लॅस्टिकची जीप उभी असते. त्याचे कोणालाच वावडे नसते.

मुंबईत हा खेळ गिरणगावाबरोबर फोफावला. गिरण्यांतले कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून आले होते. किल्ला त्यांच्या गावच्या क्षितिजावरच होता. गिरगावात वाट थोडी वेगळी होती; तिथे तो उत्सवांतून आणि पुस्तकांतून आला. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरील शिवाजी महाराजांच्या समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली आणि पुढच्या वर्षी रायगडावर उत्सव झाला. शिवचरित्र तिथून सार्वजनिक जीवनात शिरले. दादरजवळच्या माहीम पार्कला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळाले. भालजी पेंढारकरांच्या बोलपटांनी आणि बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ने घराघरांत चित्रे पुरवली. चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकाने तर नऊ-दहा वर्षांच्या प्रत्येक मुलाला प्रतापगड, पन्हाळा आणि कोंढाणा एकाच क्रमाने शिकवले.

या मुलांच्या हाकेच्या अंतरावर खरेखुरे किल्ले होते. शिवडी, वरळी आणि शीव येथे इंग्रजांनी सतराव्या शतकात ते बांधले. तरी अंगणात शिवडीचा किल्ला कोणी करत नाही. तिथे आपल्या बाजूची गोष्ट नाही. ऐतिहासिक खेळाची पहिली अट इथेच दिसते: खेळणाऱ्याला आधी बाजू हवी असते, लढाई नंतर.

ही वृत्ती एकट्या मुंबईची नाही. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून नकाशावर ठोकळे मांडून अधिकाऱ्यांना युद्धाचा सराव दिला जाई. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले. भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून बुद्धिबळ होते आणि गिरगावात तर ते घरोघर होते. इथल्या खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. पण बुद्धिबळातला उंट कुठल्या लढाईतला आहे, हे कोणी विचारत नाही. त्यात युद्ध आहे, इतिहास नाही. ‘हा घोडा कोणाचा?’ हा प्रश्न ज्याला पडतो, तो निराळा खेळाडू.

या खेळाडूच्या हाती १९९७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ हा संगणकावरचा युद्धखेळ आणि १९९९ मध्ये त्याचा दुसरा भाग आला. दोन्ही बाजू एकाच वेळी हालचाली करतात. डाव पाळीपाळीने चालत नाही आणि विचार करायला घड्याळ थांबत नाही. घरात संगणक नसलेली मुले सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून जोडीने बसत. दुसऱ्या भागात डाव सुरू होतो तो नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळणीचा स्वार एवढ्यावर. अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करत चार युगे चढायची. किल्ला तिसऱ्या युगात बांधता येतो आणि त्याला ६५० दगड लागतात. म्हणजे पहिली कितीतरी मिनिटे खेळाडू शेत लावतो, झाडे तोडतो आणि खाणीवर माणसे पाठवतो. अनेकांना लढाईपेक्षा हाच भाग प्रिय असतो; ही पहिली ओढ. आधी तट बांधून घेऊ, मग काय ते बघू, हा त्यांचा बाणा. नेट लावून खेळणारे त्यांना हसतात, कारण तट पुरा होण्याआधीच शत्रू दारात येतो. गोणपाटावर माती लिंपण्यात चार दिवस घालवणाऱ्या मुलाला मात्र हा स्वभाव परका वाटणार नाही. आणि घाटरस्त्यावरच्या जीपचे म्हणाल, तर या खेळातही एक गुप्त वाक्य टंकले की मध्ययुगीन रणांगणावर बंदुका लावलेली मोटार अवतरते.

दुसरी ओढ आहे ती ठरलेला निकाल पुन्हा हातात घेण्याची. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू पडले. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा आला, पण तानाजी गेले. हे सगळे पाठ असलेल्या मुलाला ‘तसे झाले नसते तर’ हा प्रश्न छळतो, आणि पाठ्यपुस्तक त्याला तो विचारू देत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये मराठे नव्हते; सलादीन, चंगेजखान आणि जोन ऑफ आर्क यांच्या मोहिमा होत्या. ही उणीव २००९ मध्ये ‘एम्पायर: टोटल वॉर’ने भरून काढली. त्याची मोठी मोहीम पाळीपाळीने चालते, लढाया मात्र डोळ्यांसमोर सलग घडतात, आणि खेळाडूला मराठ्यांची बाजू घेता येते. मोहिमेची सुरुवात १७०० सालात होते. त्या वर्षी प्रत्यक्षात राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले, सातारचा किल्ला मोगलांकडे गेला आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. मराठ्यांच्या इतक्या अडचणीच्या क्षणी डाव हाती घेण्यातच मौज आहे; सगळे जिंकून झालेल्या राजाचा खेळ कोण खेळेल?

तिसरी ओढ ज्ञानाची, आणि थोडी मिरवण्याची. किल्ला करताना मुले माची, बुरूज, टाके, चोरदरवाजा, जंग्या हे शब्द शिकतात; पाहायला आलेल्या काकांना ‘हा दरवाजा दोन बुरुजांच्या आड का?’ हे समजावून सांगण्यात त्यांचा अर्धा आनंद असतो. संगणकावर खेळणारा कुठल्या सैनिकाला कोणता सैनिक भारी, हे तसेच सांगत सुटतो. खेळांच्या ऑनलाइन जगाविषयी निक यी या संशोधकाने २००६ मध्ये प्रेरणांचे तीन गट मांडले: काही साधण्याची इच्छा, माणसांची संगत आणि कल्पित जगात बुडून जाणे. त्याचा अभ्यास भूमिका घेऊन खेळायच्या खेळांचा होता, पण संगतीचा मुद्दा चाळीला नेमका लागू पडतो. एकट्याने केलेला किल्ला क्वचितच दिसे. माती आणणारे धाकटे, तट रचणारे मोठे आणि वरच्या मजल्यावरून सूचना करणारे बिनकामाचे, अशी फौजच असे. कॅफेतही खेळणाऱ्याच्या खुर्चीमागे पैसे न भरलेले दोघे-तिघे सल्लागार उभे असत.

एका ठिकाणी मात्र दोन्ही खेळ वेगळे होतात. मातीच्या किल्ल्यावर हल्ला करणारे सहसा कोणीच नसते. मावळे दिवसचे दिवस पहारा देतात आणि दिवाळी सरली की किल्ला करणारेच त्याच्या पोटात सुतळी बॉम्ब लावतात. संगणकाने या खेळाला पहिल्यांदा खरा शत्रू दिला, तोही बहुधा शेजारच्या खुर्चीवरचा मित्र.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव उसवत गेले. १९९० च्या दशकापासून गिरण्यांच्या जमिनींवर आणि पुढे चाळींच्या जागीही मनोरे उभे राहू लागले. अंगणाची जागा वाहनतळाने घेतली, आणि भ्रमणध्वनी आल्यावर कॅफेही मिटले. खऱ्या किल्ल्यांचा मान मात्र वाढला: जुलै २०२५ मध्ये रायगड, प्रतापगड, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजीसह १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दादर-लालबागच्या बाजारात आता दिवाळीला तयार किल्ला मिळतो. साच्यातून निघालेला, रंगवलेला, बुरुजांसकट. घरी नेऊन टीपॉयवर ठेवायचा आणि त्यावर मावळे मांडायचे. त्यात अळीव पेरायला माती नसते.