उस्मानाबादी शेळीचे कातडे आणि क्रोमियमचे बंध

उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले. शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. प्रामुख्याने काळ्या रंगाची ही जात मांसासाठी प्रसिद्ध असली तरी तिच्या कातड्यालाही मोल आहे. शेळीच्या कच्च्या कातड्याचे बुटाला किंवा पाकिटाला लागणारे टिकाऊ चामडे होते, ते बहुधा बेसिक क्रोमियम सल्फेट या हिरव्या क्षारामुळे.

रसायनशास्त्रात याला कोऑर्डिनेशन संयुग म्हणतात. मध्यभागी तीन धनभारांचा क्रोमियम आयन आणि त्याच्याभोवती अष्टफलकाच्या सहा टोकांवर सहा जोडीदार, अशी त्याची मांडणी असते. झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये अशा संयुगांचा सिद्धांत मांडला. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सहाही जागी पाण्याचे रेणू असले की रंग जांभळट असतो. काही जागा सल्फेटने वा क्लोराइडने घेतल्या की तो हिरवा होतो. क्रोमियमचा खरा विशेष म्हणजे त्याचा संथपणा. साध्या जलीय आयनात पाण्याच्या एका रेणूची जागा दुसऱ्याने घ्यायला काही दिवस लागू शकतात. जुळलेला बंध सहजी सुटत नाही.

कातडे कमावताना हाच गुण उपयोगी पडतो. चुन्याने केस काढलेले कातडे आधी मीठ व आम्लाच्या पाण्यात ठेवतात. तेथे सामू ३ च्या आसपास असल्याने क्षार घाई न करता आतपर्यंत मुरतो. मग खाण्याच्या सोड्यासारखा सौम्य अल्क पदार्थ घालून सामू ४ च्या जवळ नेला की कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे कार्बोक्सिल गट क्रोमियमशी जोडले जातात. क्रोमियमचे अणूही हायड्रॉक्साइडच्या पुलांनी एकमेकांस बांधले जातात, आणि शेजारच्या प्रथिनसाखळ्या जखडल्या जातात. कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते. नीट कमावलेला निळसर तुकडा उकळत्या पाण्यातही आकसत नाही. कारखान्यात हीच परीक्षा घेतात. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात. त्याला ही उष्णता सोसत नाही.

अडचण उरलेल्या पाण्याची आहे. पारंपरिक पद्धतीत सुमारे ६० ते ७० टक्केच क्रोमियम कातड्यात मुरते, बाकीचे सांडपाण्यात जाते. हे त्रिसंयुजी क्रोमियम तुलनेने कमी घातक असते. पण क्रोम चामड्याचे तुकडे जाळले तर त्यातून षट्संयुजी क्रोमियम बनू शकते. त्याचा क्रोमेट आयन आकाराने सल्फेटसारखा असल्याने सल्फेटच्याच वाटेने पेशीत शिरतो, आणि तो कर्करोगकारक आहे. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. युरोपीय संघाने मे २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या चामड्यात किलोमागे ३ मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा घातली. इतक्या अल्प प्रमाणात त्याचा पिवळा रंग डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेतच ते कळते.