पेरणीची तारीख आणि सोयाबीनचं पंचांग

मंडळी, जून लागला की विदर्भ-मराठवाड्यात घरोघरी एकच प्रश्न असतो: पेरायचं की थांबायचं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असा सल्ला असतो. पाऊस लांबला की पेरणी लांबते आणि उत्पादन घटतं. का घटतं? ‘पुढे पाणी कमी पडतं’ हे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. पण ते अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला शंभर वर्षं मागे, अमेरिकेत जावं लागतं.

वॉशिंग्टनजवळ आर्लिंग्टन इथे कृषी खात्याचं प्रयोगक्षेत्र होतं. तिथल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी ‘बिलॉक्सी’ वाणाचं सोयाबीन काही दिवसांच्या अंतराने पेरून पाहिलं. उशिरा पेरलेलं उशिरा फुलेल, असं आपल्याला वाटेल. झालं भलतंच! आधीचं-नंतरचं सगळंच सप्टेंबरच्या सुमारास फुलावर आलं. उशिराच्या झाडांना वाढायला दिवसच मिळाले नव्हते. मग १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुंड्या दुपारनंतर अंधाऱ्या खोपीत ठेवल्या, सकाळी बाहेर काढल्या. दिवस असा लहान केल्यावर फुलं लवकर आली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. यालाच आपण दीप्तिकालिता म्हणतो. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं, की अशी झाडं खरं तर रात्र मोजतात.

आता आपल्या शिवारात येऊ. २१ जूननंतर रात्र वाढू लागते. जुलैच्या मध्यानंतर पेरलेलं रोप लहान असतानाच त्याला फुलायची वेळ येते. फांद्या कमी, पेरं कमी, म्हणून शेंगाही कमी. सगळ्या वाणांवर परिणाम सारखा नसतो. पण गेलेले दिवस परत मिळत नाहीत.

मग पहिल्या सरीवरच पेरावं का? तर नाही. उघडीप पडली की दुबार पेरणी आली. म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट आणि पेरणी सगळ्यात उशिराची! उशीर झालाच, तर लवकर येणारं वाण घ्यावं, ओळींतलं अंतर कमी करावं, बियाणं थोडं वाढवावं. झाड लहान राहणार हे धरूनच हा हिशोब आहे.

तेव्हा उतारा घटला की शेतकऱ्याच्या मेहनतीला बोल लावण्याआधी आपण एवढंच विचारू या: पेरणी कधी झाली होती?