बुद्धिबळाची उत्तरे

अंकगणिताच्या पुस्तकाची शेवटची पाने कोणत्या मुलाला ठाऊक नसतात? उदाहरण वाचून होण्याआधीच बोट उत्तरांच्या पानावर गेलेले असते. उत्तर कळले, की त्याला जुळेल अशी रीत मागून मागून रचीत जायचे. ही विद्या शाळेत कोणी शिकवीत नाही, आणि आम्ही मास्तर मंडळी तर तिच्यावर डोळे वटारूनच असतो. पण नेमक्या याच उलट्या रीतीने माणसाने बुद्धिबळाच्या खेळाचा एक मोठा भाग कायमचा सोडवून ठेवला आहे, आणि त्याची हकीकत दिवाळीच्या सुट्टीत पट मांडून बसणाऱ्या घराघरांतून माहीत असावी अशी आहे.

संगणक बुद्धिबळ खेळतो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विचार करणारे यंत्र उभे राहते. परंतु मोठ्या गवयामागे तंबोऱ्याला, पेटीला आणि तबल्याला जशी माणसे बसलेली असतात, तशी या यंत्रामागेही साथ असते. डाव कसा सुरू करावा याचे एक पुस्तक त्याच्याजवळ असते. आपल्याला पडद्यावर दिसणारा पट हा बहुधा निराळाच प्रोग्रॅम असतो, आणि त्याने विचार करणाऱ्या प्रोग्रॅमशी कोणत्या भाषेत बोलावे याचे संकेत २००० साली श्टेफान मायर-काहलेन आणि रुडॉल्फ हूबर यांनी ठरवून दिले. त्यामुळे कोणाचाही पट कोणाच्याही मेंदूला जोडता येऊ लागला. साथीदारांचा हिस्सा केवढा असतो, हे जगाने ११ मे १९९७ रोजी पाहिले. न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू यंत्राविरुद्धच्या सहाव्या डावात जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह अवघ्या एकोणीस खेळ्यांत हरला. त्या डावाचे कंबरडे मोडणारी घोड्याच्या बळीची खेळी यंत्राने विचार करून काढलेली नव्हती. ती माणसांनी आधीच त्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेली होती.

पण प्रारंभाचे पुस्तक झाले तरी ते शेवटी मताचेच पुस्तक. आज उत्तम ठरलेली खेळी उद्या वाईट ठरू शकते. मला सांगायचे आहे ते तिसऱ्या साथीदाराविषयी. डावाच्या शेवटाची जी कोष्टके या यंत्रांना जोडतात, त्यांत मत नाही, फक्त उत्तर आहे.

डावाच्या शेवटच्या मांडण्या जमवून जवळ बाळगण्याची हौस मात्र जुनी आहे. आपल्या मुंबईतच १८१४ साली त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले. त्यात मुख्यतः बुद्धिबळाच्या अटीतटीच्या मांडण्याच होत्या, त्याही युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, १८२६ साली, न्यूयॉर्कमध्ये मेल्झेल नावाच्या गृहस्थाने 'तुर्क' नावाच्या बाहुल्याचा खेळ लावला. फॉन केंपेलन याने १७७० साली व्हिएन्नात दाखवलेला हा पगडीवाला बाहुला पटावर सोंगट्या सरकवी, आणि लोक तोंडात बोट घालीत. त्याच्या पेटीत माणूस दडलेला असे हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कला आल्यावर पेटीत बसायला मुरलेला खेळाडू मेल्झेलला लवकर मिळेना. तेव्हा त्याने काय करावे? शेवटाच्या मांडण्यांची एक छोटी वही त्याच्याजवळ होती. प्रेक्षकाने मांडणी निवडावी, बाजूही हवी ती घ्यावी. पहिली खेळी मात्र तुर्काची. आणि वहीतली प्रत्येक मांडणी अशी, की पहिली खेळी ज्याची डाव त्याचा! लबाडी खरी, पण बुद्धिबळाच्या यंत्राला उत्तरांची वही जोडण्याची कल्पना इथे प्रथम दिसते.

लबाडीशिवाय तेच काम करून दाखवले स्पेनच्या तोरेस केवेदो या अभियंत्याने. १९१२ साली त्याने बांधलेल्या यंत्रात माणूस नव्हता. यंत्राकडे राजा आणि हत्ती, माणसाकडे एकटा राजा. माणसाने राजा कोठेही हलवावा. विजेचे स्पर्श आणि चुंबक यांच्या जोरावर यंत्र त्याला ढकलीत ढकलीत कडेला नेई आणि मात करी. कमीत कमी खेळ्यांत करी असे नाही, पण करी. १९१४ साली पॅरिसमध्ये लोकांनी ते पाहिले. तीनच मोहऱ्यांचा खेळ, तरी तो खरा होता.

आता ती उलटी रीत. समजा, पटावर तीन मोहरे आहेत. चौसष्ट घरांत ते ठेवण्याचे प्रकार होतात सुमारे अडीच लाख. त्यांतले नियमबाह्य वगळले तर आणखी कमी. यांपैकी ज्यांत काळ्याची मात झालेलीच आहे अशा मांडण्या आधी वेगळ्या काढायच्या. मग एक पाऊल मागे यायचे: कोणत्या मांडणीतून पांढऱ्याला एका खेळीत तिथे जाता येते? त्यांच्यावर लिहायचे, 'एका खेळीत मात'. पुन्हा एक पाऊल मागे: काळ्याने काहीही केले तरी तो याच मांडण्यांत येऊन पडतो, अशा जागा कोणत्या? त्यांवरही तशीच खूण करायची. असे मागे मागे जात राहिले, की एक वेळ अशी येते की नवी खूण करायला जागाच उरत नाही. खूण न झालेल्या मांडण्यांतून पांढऱ्याला जिंकता येत नाही. बस्स. यात हुशारी कसली नाही; पण चिकाटी मात्र माणसाच्या आवाक्याबाहेरची हवी. चौथा मोहरा आला की अडीच लाखांचे दीड कोटी होतात, आणि पाचव्याला आकडा ९१ कोटींवर जातो.

ही रीत संगणकाकडून करून घेता येईल असे गणितज्ञ रिचर्ड बेलमन यांनी १९६५ साली मांडले, आणि म्युनिकच्या टोमास श्ट्र्योलाइन यांनी १९७० सालच्या आपल्या प्रबंधात तीन-चार मोहऱ्यांचे काही शेवट प्रत्यक्ष सोडवून दाखवले. प्रबंध कपाटात राहिले असते. पण अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन नावाचा एक अवलिया होता. युनिक्स ही संगणकाची प्रसिद्ध कार्यप्रणाली घडवणाऱ्यांतला हा मुख्य माणूस. जो काँडनबरोबर त्याने बांधलेले 'बेल' हे बुद्धिबळयंत्र १९८० साली यंत्रांच्या जागतिक स्पर्धेत पहिले आले. त्याने १९७७ साली वजीर विरुद्ध हत्ती या शेवटाचे संपूर्ण कोष्टक तयार केले.

वजिराने हत्तीला जिंकावे, हे पुस्तकात शतकानुशतके लिहिलेले. उस्तादांना त्यात काही विशेष वाटत नसे. अमेरिकेचा अनेकदा विजेता ठरलेला ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन याने यंत्राशी शंभर डॉलरची पैज घेतली: माझ्याकडे वजीर, यंत्राकडे हत्ती, आणि पन्नास खेळ्यांत मी जिंकतो. पन्नासच का? तर तेवढ्या खेळ्यांत प्यादे हलले नाही आणि मोहरा मारला गेला नाही तर डाव बरोबरीत सोडवता येतो, असा नियमच आहे. दिलेली मांडणी अचूक खेळल्यास एकतीस खेळ्यांत जिंकता येण्याजोगी होती. म्हणजे एकोणीस खेळ्यांची सवलत!

ब्राउनला जिंकता आले नाही. आजवर पुस्तके सांगत आली होती, की हत्तीने आपल्या राजाला चिकटून राहावे. यंत्राने ते पुस्तक वाचलेलेच नव्हते. ते हत्तीला राजापासून दूर भलतीकडेच नेई, आणि ती खेळी वेडगळ वाटे. पण प्रत्येक वेळी तीच सर्वांत चिवट ठरे. ब्राउनच्या ठायी एक गुण असा, की त्याने आरडाओरडा केला नाही. मांडण्या घरी नेल्या, काही दिवस अभ्यास केला, आणि पुन्हा पैजेला आला. या वेळी हत्ती त्याच्या हाती लागला तो बरोबर पन्नासाव्या खेळीला. माझ्या मते त्या शंभर डॉलरांइतकी कष्टाची कमाई बुद्धिबळात फार थोड्यांनी केली असेल.

१९८३ साली टॉम्प्सनने याहून मोठा धक्का दिला. दोन उंट विरुद्ध एक घोडा. क्लिंग आणि हॉर्विट्झ या दोघा जाणकारांनी १८५१ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दाखवले होते, की घोडा आणि राजा पटाच्या कोपऱ्याजवळ एका ठराविक रीतीने बसले तर तो गड अभेद्य. उंटांनी कितीही वेढा घातला तरी डाव बरोबरीतच सुटायचा. हे मत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उस्तादांनी शिष्यांना आणि शिष्यांनी पुढच्यांना सांगितले. कोष्टक म्हणाले, गड पडतो. घोड्याला कोपऱ्यातून बाहेर यावेच लागते. तो पळून दुसऱ्या कोपऱ्यात तसाच गड बांधू पाहतो, पण तिथेही वेढा पडतो. फक्त यासाठी कधी कधी सहासष्ट खेळ्या लागतात. शंभर-सव्वाशे वर्षांत किती खेळाडूंनी जिंकलेला डाव 'बरोबरी' म्हणून सोडून दिला असेल, कोण जाणे!

सहासष्ट म्हणजे पन्नासाहून अधिक. तेव्हा पन्नास खेळ्यांच्या नियमाचे काय करायचे, हा प्रश्न आला. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८०च्या दशकात काही शेवटांपुरती मर्यादा वाढवून पाहिली. पण यंत्रे रोज नवा लांब शेवट शोधून काढू लागली, तेव्हा नियमांचे पुस्तक तरी किती फुगवायचे? १९९२ साली सर्वांना पुन्हा पन्नासच खेळ्या लागू झाल्या. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना भूक लागते, झोप येते. टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मात्र कोष्टकाचे उत्तर दाखवून विजय मागण्याची मुभा आपल्या खेळाडूंना दिली आहे.

पुढची कथा मुख्यतः जागेची आहे. यूजीन नालिमोव यांनी १९९८च्या सुमारास केलेली कोष्टके घरोघरच्या संगणकांवर गेली. पाच मोहऱ्यांपर्यंतची सगळी मिळून सुमारे सात गिगाबाइट भरत, आणि सहा मोहऱ्यांची बाराशेच्या घरात. २०१२ साली मॉस्को विद्यापीठाच्या 'लोमोनोसोव्ह' महासंगणकावर सात मोहऱ्यांची कोष्टके तयार झाली. सुमारे ४२४ लाख कोटी मांडण्या, १४० टेराबाइट जागा! एवढे ओझे घरी कोण नेणार? मग हॉलंडच्या रोनाल्ड डी मान यांनी २०१३ साली निराळी युक्ती काढली. मातेपर्यंतच्या सगळ्या खेळ्या मोजीत बसण्याऐवजी डाव जिंकलेला की बरोबरीचा की हरलेला, आणि पुढचा मोहरा मारायला किंवा प्यादे सरकवायला किती अवकाश आहे, एवढेच लिहायचे. शिवाय पन्नास खेळ्यांचा नियम हिशेबात धरायचा. सहा मोहऱ्यांचा सारा भार त्यामुळे सुमारे १५० गिगाबाइटवर आला. २०१८ साली याच पद्धतीने सात मोहऱ्यांची कोष्टकेही बोजुन गुओ यांनी पुरी केली. ती सतरा टेराबाइटच्या आसपास आहेत. या कोष्टकांना 'सिझिजी' असे नाव आहे. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येण्याला खगोलशास्त्रात हा शब्द वापरतात. म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री वाचकांनी हे नाव आठवून पाहावे.

आजचा प्रोग्रॅम ही कोष्टके जोडली, की डाव रंगात असतानाच मनातल्या मनात मोहरे मारून पाहतो, आणि उरलेले सात झाले की विचार थांबवून सरळ उत्तर वाचतो. वजीर आणि प्यादे विरुद्ध हत्ती, उंट आणि घोडा अशा एका मांडणीत मात पाचशेहून अधिक खेळ्यांवर आहे. त्या खेळ्या जगातल्या थोरांतल्या थोर खेळाडूपुढे ठेवा. पहिल्या चारशे खेळ्यांत पांढरा नेमके काय साधतो आहे, हे त्याला सांगता येणार नाही. कोष्टकालाही सांगता येत नाही. उत्तर आहे, रीत नाही. आणि वर्गात फळ्यावर रीत लिहिल्याशिवाय आम्ही कोणाला गुण देत नाही.

म्हणून मला त्या यंत्रांपेक्षाही एका माणसाची अधिक आठवण होते. रशियातला अलेक्सेई त्रोइत्स्की हा जंगलखात्यातला नोकर. नुसत्या दोन घोड्यांनी एकट्या राजावर जबरदस्तीने मात करता येत नाही. ऐन वेळी त्याला खेळीच उरत नाही आणि डाव बरोबरीत जातो. पण त्याच्याजवळ एखादे प्यादे असेल तर त्याला हलवायला काहीतरी उरते, आणि तेच प्यादे त्याच्या मुळावर येते. हे प्यादे पटावर कुठवर पोहोचलेले असले तर मात होते, याचा छडा त्रोइत्स्कीने विसाव्या शतकाच्या प्रारंभी पट, कागद आणि पेन्सिल एवढ्यावरच लावला. पन्नासाहून अधिक खेळ्या लागणारे शेवट त्याने तेव्हाच दाखवून दिले होते. १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपाशी मेला, आणि त्याचे टिपणांचे कागदही त्याच वेढ्यात नष्ट झाले. छापलेले तेवढे वाचले. पुढे दोन घोडे विरुद्ध प्यादे या शेवटाचे कोष्टक तयार झाले, तेव्हा जाणकारांनी त्याच्या खेळ्या एकेक करून यंत्राच्या उत्तरांशी ताडून पाहिल्या. थोडे अपवाद सोडले, तर त्याने पटावर आखलेली रेषा जिथल्या तिथे निघाली.