फडातील हार

परभणी जिल्ह्यातील कुस्ती वाढली ती मुख्यतः गावजत्रांच्या आधाराने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला. १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखात मात्र खेड्यातील पैलवानाचा पोशिंदा बहुधा गावच असे, आणि म्हणून त्याची हारही गावाच्याच डोळ्यांदेखत होई.

फड, म्हणजे जत्रेत कुस्त्यांसाठी तयार केलेले मातीचे मैदान, लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरू होतो. पुढे नारळ, मग रोख इनाम अशी चढण चढत तो शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत पोहोचतो. पराभव पचवण्याचे शिक्षण या क्रमातच दडलेले होते, कारण ज्या मुलाची पाठ रेवडीसाठी चारचौघांत मातीला लागली, त्याला मोठेपणी चितपट होणे, म्हणजे दोन्ही खांदे जमिनीला टेकणे, नवे राहत नसे. जोड तुल्यबळ ठरली तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवीत आणि दोघांचीही पत राखली जाई. या सवलतीच्या आडून नुरा कुस्त्याही, म्हणजे आधीच संगनमताने ठरवलेल्या लढतीही, खपल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. हरलेल्याला सावरण्याचे काम वस्तादाचे, म्हणजे तालमीतील गुरूचे. पण त्याचे सावरणे म्हणजे सांत्वन नव्हे, तर चुकलेला डाव पुन्हा पुन्हा घोटून घेणे होते, आणि रडण्याला तालमीत जागा नव्हती.

मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुण आले, तशी हार मोजता येऊ लागली आणि तिच्यातून उठण्याची मुदतही आखली गेली. शेजारच्या बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटाची उपांत्य लढत जॉर्जियाच्या मल्लाकडून हरला, आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मल्लाला हरवून त्याने कांस्यपदक मिळवले. लाल मातीत हरलेला मल्ल पुन्हा जोड मागण्यासाठी पुढच्या जत्रेची वाट पाहू शकत असे. येथे हाती एक रात्र होती.

ही मुदत सर्वांनाच पेलत नाही. २०२५ च्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांच्या निर्णयावरून झालेल्या वादानंतर दोन नामवंत मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. शिस्तीसाठी ती आवश्यकच होती. परंतु हरलेल्या मल्लाला त्या घटकेला आवरणारा वस्ताद नव्या व्यवस्थेत नेमका कुठे उभा असावा, हे संघटकांनी ठरवायला हवे.