आउट्रमचे दोन प्रयोग : खानदेश ते सावंतवाडी
(आधुनिक बंडप्रतिबंधक युद्धनीतीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास)

प्रस्तावना :
बंडखोरीविरोधी युद्धनीतीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने मलाया, अल्जीरिया व व्हिएतनामकडे वेधले जाते. तथापि, या नीतीची काही मूळ सूत्रे एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात जेम्स आउट्रम या लष्करी अधिकाऱ्याच्या कार्यात आढळतात. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घेतला आहे.

खानदेश (१८२५) :
केवळ लष्करी मोहिमांनी भिल्लांचा प्रतिकार शमला नाही, तेव्हा कंपनी सरकारने माफी, शेतीसाठी जमीन आणि नोकरी हा मार्ग स्वीकारला. आउट्रमने भिल्लांच्या वस्त्यांत जाऊन विश्वास संपादन केला व त्यांच्यातूनच भिल्ल पलटण उभारली. कालचा बंडखोर आजचा रखवालदार झाला.

सावंतवाडी (१८४४-४५) :
कोल्हापूर संस्थानात ब्रिटिशांच्या पाठिंब्याने आलेल्या कारभाऱ्याने गडकऱ्यांच्या वंशपरंपरागत सेवा-जमिनींना हात घातला आणि १८४४ मध्ये गडकरी उठले. हा वणवा सह्याद्री उतरून सावंतवाडीत पोहोचला. तेथे फोंड सावंत तांबुळकर यांनी नेतृत्व केले. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेले मनोहर व मनसंतोष हे गड बंडाचे आश्रयस्थान बनले. या मोहिमेत आउट्रमही सहभागी होता. जानेवारी १८४५ मध्ये गड पडले. परंतु बंडखोर पोर्तुगीज गोव्यात निसटले. गड हाती आले, बंडखोर आले नाहीत. पुढे कोल्हापुरात किल्ले निकामी करून वंशपरंपरागत शिबंदीची व्यवस्थाच मोडीत काढण्यात आली.

विवेचन :
डेव्हिड गॅल्युला याने १९६४ मध्ये मांडलेला लोकांच्या पाठिंब्याचा सिद्धांत आणि अमेरिकी सैन्याच्या २००६ च्या नियमपुस्तिकेतील लोकसंरक्षणाचा आग्रह यांचे खानदेशच्या प्रयोगाशी साम्य स्पष्ट आहे. सीमेपलीकडील आश्रयामुळे लष्करी विजय अपुरा ठरतो, हा त्यांतील दुसरा धडा सावंतवाडीत दिसतो. मात्र साम्य म्हणजे थेट प्रभाव नव्हे, हे भान ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
एकाच सेनानीच्या कारकिर्दीतील हे दोन प्रयोग महत्त्वाचा भेद दर्शवितात. भिल्लांना उपजीविका देऊ केली गेली. गडकऱ्यांची उपजीविका हिरावली गेली. बंड कसे मोडावे याचे शास्त्र पुढे विकसित झाले. परंतु ते का उद्भवले, हा प्रश्न त्या शास्त्रापेक्षा जुना आहे. मनोहरगडाचा इतिहास अभ्यासताना तो प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.