वणवा आणि वनविद्या

अग्नी हा वनाचा शत्रू की सेवक, या प्रश्नाला हिंदुस्थानात दोन शाळांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली. एक शाळा देहरादूनची. तिला इमारत होती, क्रमिक पुस्तके होती, परीक्षा होत्या. दुसरी शाळा रानातच भरे. पाचोळा किती वाळला, वारा कोठून येतो, दव केव्हा सुकते, हे पाहून रान केव्हा पेटवावे आणि केव्हा पेटवू नये हे तेथे वडीलधारी माणसे मुलांना शिकवीत. गेल्या दीडशे वर्षांचा वनांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोन शाळांमधील अबोल्याचा इतिहास आहे.

१८६४ मध्ये सरकारी वनखाते स्थापन झाले आणि डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचा पहिला प्रमुख झाला. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी लाकूड हवे होते आणि युरोपातील वनविद्येच्या दृष्टीने आग म्हणजे निव्वळ नाश. याच सुमारास मध्यप्रांतात, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन याने वणवा सर्वस्वी रोखण्याचा प्रयोग आरंभिला. दरसाल उन्हाळ्यात डोंगर पेटायचेच अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. पिअर्सनने जंगलाभोवती जाळरेषा काढल्या, त्यांवरील गवत वेळीच जाळून टाकले, पहारे बसविले, आणि बोरीचे सागवान वाचले. या यशाने खात्याचे धोरण ठरून गेले. १८७८ साली राखीव जंगलात आग लावणे हा कायद्याने गुन्हा ठरला, आणि त्याच साली देहरादूनची वनशाळा उघडली. जाळरेषा कशी राखावी हा तेथल्या रेंजरांचा नित्याचा पाठ झाला. मोठी आग टाळण्यासाठी आधी लहान आग लावायची, हे जाळरेषेचे तत्त्व रानातल्या माणसाला मुळीच नवे नव्हते, याची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही.

वनवासी लोक आग लावीत ती काही खोडसाळपणाने नव्हे. गुरांना कोवळे गवत मिळावे, मोहाची फुले वेचता यावीत, तेंदूला नवी पालवी फुटावी, पायवाटा मोकळ्या व्हाव्यात, असे त्यामागे हेतू असत. त्यांची प्रत्येक आग निरुपद्रवी होती असेही नाही. भर वैशाखात निष्काळजीपणे लागलेला वणवा रोपे जाळतो आणि मातीही उघडी पाडतो. परंतु खात्याने सुकाळीची आग आणि अवकाळीची आग असा भेदच केला नाही.

त्याचे फळ लवकरच दिसले. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थान सरकारच्या अमलाखाली होता. तेथील ओलसर जंगलांत आग बंद होताच बांबू आणि सदाहरित झुडपे माजली, आणि त्यांच्या सावलीत सागाची रोपे उगवेनाशी झाली. १८९६ मध्ये स्लेड नावाच्या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात अतिसंरक्षणाविरुद्ध उघड लेख लिहिला. बंगालच्या द्वारांत आणि आसामात सालवृक्षाच्या बाबतीत हाच अनुभव आला. जुने वृक्ष उभे होते, पण त्यांच्या खाली पुढची पिढी नव्हती. दीर्घ वादानंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, नियंत्रित जाळणीला वनशास्त्रात मान्यता मिळाली. निषिद्ध ठरविलेली आग शास्त्राच्या नावाने परत आली.

ज्यांच्याकडून हे आधीच शिकता आले असते, ते लोक मात्र मजूर आणि आरोपी एवढेच राहिले. ब्रह्मदेशातील करेन लोकांच्या फिरत्या शेतीचा उपयोग ब्रँडिसनेच करून घेतला होता. त्यांनी जाळून साफ केलेल्या जमिनीत पिकांबरोबर साग लावून घेण्याची ‘तौंग्या’ पद्धत पुढे देशोदेशी गेली. करेनांचे हात घेतले गेले. त्यांचा सल्ला घेण्याची प्रथा पडली नाही. कुमाऊँत तर लोक पावसाळ्यापूर्वी चीडवृक्षांखालील सुया जाळून गवत वाढवीत. १९११ नंतर ती जंगले राखीव झाली, आणि १९२१ मध्ये संतापलेल्या गावकऱ्यांनी जागोजाग आगी लावल्या. सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. सहकार्य तोडले की आग हीच तक्रारअर्ज होते, हा धडा राज्यकर्त्यांना महागात पडला.

स्वातंत्र्यानंतरही अबोला संपला नाही. कर्नाटकातील बिळिगिरिरंगन डोंगरांत सोलिगा लोक वर्षाच्या आरंभी, पाचोळा अर्धवट वाळला असता, हलकी आग लावीत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणत. त्या आगीने आवळ्यावरील बांडगूळ मरे आणि झुडपे आटोक्यात राहत. १९७४ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि ही जाळणी थांबली. पुढे संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा १९९७ ते २००८ या अकरा वर्षांत घाणेरी अतोनात फोफावल्याचे आढळले. तिचे कारण सोलिगांच्या वृद्धांनी आधीच सांगितले होते. आग बंद झाली, म्हणून घाणेरी वाढली असे त्यांचे म्हणणे. वृद्धांचे शब्द आणि शास्त्रज्ञांचे आकडे येथे एका कागदावर शेजारी शेजारी आले. २०११ मध्ये सोलिगांच्या ग्रामसभांना सामुदायिक वनहक्कही मिळाले.

तथापि जुनी आग जशीच्या तशी परत आणणे धोक्याचे आहे. दाट वाढलेल्या घाणेरीतून ज्वाळा झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढतात. तेव्हा आधी घाणेरी किती काढावी, ओलावा किती असता जाळावे, हे मोजण्यास शास्त्र हवे. आणि कोणत्या उतारावर, कोणत्या दिवशी, कोणत्या वाऱ्यात, हे सांगण्यास सोलिगा हवा.

२००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने देशभरच्या वणव्यांची वार्ता वनखात्याला मिळू लागली. आग कोठे लागली हे उपग्रह सांगतो. ती का लागली आणि लागू नये म्हणून काय करावे, हे त्याला सांगता येत नाही. वनरक्षकाच्या प्रशिक्षणात रानातल्या वृद्धाला साक्षीदार किंवा मजूर म्हणून नव्हे, तर गुरुजी म्हणून जागा मिळेल, त्या दिवशी या दोन शाळा एक होतील. तोवर दर उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर दिसणारी तांबडी रेघ हा त्यांच्यातील न सुटलेला वादच समजावा.